घोडीचा तिसरा पाय

“खाली ठेव ती घोडी, कोंडी.”

“ठेवीन. तुज्या टकुऱ्यात ठेवीन. आदी सांग, माझ्या पोरीवर हात का टाकलास?”

पंधरा वर्षं ज्या बाईला कोंडी ‘बाईसाहेब, तुमी’ म्हणत आली, तिला ती आज ‘तू’ म्हणत होती. आनंदीबाईंच्या पांढऱ्या केसांपासून वीतभर अंतरावर माझे लोखंडी खिळे रोखलेले होते. कॅमेरा फरशीवर फुटून पडला होता. कोंडीची मुलगी सोमी व्हरांड्याच्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती, पायाशी हिरव्या बांगडीचे तुकडे आणि मनगटावर रक्ताचा ओघळ. फोटोंच्या कामाला शेलूहून येणारी अक्षदा लॅपटॉप पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. आनंदीबाई जागच्या हलल्या नाहीत.

“मार,” त्या म्हणाल्या. “पण नेम धरून मार. मघाशी चुकलीस तशी चुकू नकोस.”

ती घोडी म्हणजे मी. कॅमेऱ्याखालची, तीन पायांची, अस्सल सागवानी. शहरातले मला ट्रायपॉड म्हणतात, कर्जतच्या बाजारातले स्टँड म्हणतात. कोंडीने पहिल्याच दिवशी घोडी म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं. आजवर दुसऱ्यांचे चेहरे निघत राहिले आणि मी मुकाट उभी राहिले. आता मी बोलणार आहे, मधे कुणी तोंड घालायचं नाही.

माझा जन्म फोटोसाठी झालाच नाही. बंदुकीसाठी झाला. घाटमाथ्यावरच्या एका जहागीरदारांचा हात उतारवयात कापायला लागला, शिकार काही सुटेना, तेव्हा बंदूक टेकवायला त्यांनी मला करवून घेतलं. सुताराने साग निवडला. उतारावरही घसरू नये म्हणून लोहाराने पायांना अणकुचीदार खिळे ठोकले. माझ्या डोक्यावरून किती डुकरं आणि सांबरं मेली त्याची मोजदाद नाही. पाळण्यातल्या पोराच्या नाकात दुधाचा वास असतो, माझ्या नाकात दारूचा होता. बंदुकीच्या दारूचा.

पुढे शिकारीवर बंदी आली आणि मालकही गेले. पोरांनी बंदुका वाटून घेतल्या, चांदी वाटून घेतली. बहिणीची एक शालू देऊन बोळवण करत होते. तिने तो शालू भावाच्या अंगावर फेकला, बापाचा जुना कॅमेरा एका काखेत मारला, मला दुसऱ्या काखेत घेतलं आणि बाहेर पडली. ती आनंदीबाई. फोटो काढायला तिला कुणी शिकवलं नाही. फिल्म जाळून, बोटं भाजून, स्वतःशी भांडून शिकली. सुताराने माझ्या डोक्यावरची बंदुकीची खाच काढून तिथे स्क्रू बसवला. डोकं बदललं, नेम तोच राहिला.

तिने घरं टिपली आणि माणसं टिपली. घराचा फोटो काढण्याआधी ती घराला झोडपून काढायची. पडदे ओढून खाली, प्लास्टिकची फुलं खिडकीबाहेर, कपाटातली शोभेची भांडी मोलकरणीच्या ओटीत. एका गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात काचेचे हंस होते, तिने ते अंगणात भिरकावले. “घराचे कपडे उतरवल्याशिवाय ते खरं बोलत नाही,” म्हणाली. गिरणीमालकाची बायको रडली, पण फोटो पाहून तीच म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हाची खोली परत दिसली.

माणसांचं त्याहून अवघड. कॅमेऱ्यापुढे बसला की माणूस पोट आत घेतो, हनुवटी उचलतो आणि आपल्याच बापाच्या तसबिरीसारखा होऊन जातो. तिचा थोरला भाऊ फेटा बांधून, तलवार मांडीवर घेऊन असाच मातीच्या बाहुल्यासारखा बसला होता. ती कॅमेऱ्यामागून निघाली आणि फाडकन त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे आलं, ते तिने टिपलं. अपमान, लहानपण, राग, सगळं एकाच चेहऱ्यात. तो फोटो मासिकात छापून आला आणि बाई प्रसिद्ध झाली.

मग रांग लागली. संस्थानिकांचे नातू आले, कारखानदार आले, नट्या आल्या. आनंदीबाईंची थप्पड खाल्ली हे लोक जेवणावळीत मिरवून सांगू लागले, गाल पुढे करून. एका निवृत्त न्यायाधीशाने उलट तिच्याच थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं आणि तरी तिने बटण दाबलं. तो फोटो तिला सगळ्यात आवडायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही. बंदुकीखाली जन्मलेलीला वाटणार तरी काय?

उतारवयात ती कर्जतजवळ कोंडाणा लेण्यांच्या पायथ्याशी बंगला बांधून राहिली. खालापूरच्या बाजूला नवी फार्महाऊस उठली होती, त्यांचे मालक तिला आतल्या खोल्या टिपायला बोलवायचे. वरच्या ठाकरवाडीतली कोंडी स्वयंपाकाला आली आणि बंगल्यात राज्य तिचं झालं. माझ्यावर ती कांद्याच्या वेण्या टांगायची, ओले पंचे वाळत घालायची. “नुसती हुबी ऱ्हाती फुकटची,” म्हणायची. बाईसाहेब ओरडल्या की म्हणायची, “तुमी लोकांना मारता, मी घोडीला कामाला लावते. कोन बरं?”

आता त्या दुपारकडे येते. भात झोडून झालं होतं, म्हणून सोमी माहेरी आली होती. तिला चौक गावी दिली होती. नवरा सुनील तिथेच गॅरेजात कामाला, आणि त्याच दुपारी तो तिला न्यायला येणार होता. बाईसाहेब आपल्या पुस्तकासाठी स्वतःच्याच बंगल्याची खोली टिपत होत्या. खोली मनासारखी लागली होती, पण माणूस हवा होता. त्यांनी सोमीला दारात उभं केलं. अक्षदाला कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या बटणावर बसवलं. “हलू नकोस,” म्हणाल्या, दोन पावलं पुढे गेल्या आणि हात उगारला.

सोमीचं कोपर आधीच वर आलं होतं. थप्पड गालावर बसलीच नाही, बांगडीवर बसली, बांगडी फुटून मनगटात घुसली. आवाज ऐकून कोंडी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने माझा पाय धरून मला कॅमेऱ्यासकट उचललं आणि फिरवलं. कॅमेरा सुटून फरशीवर आपटला. वार चुकला, मी चौकटीवर आदळले आणि माझा एक पाय उभा तडकला. तिने मला पुन्हा उचललं. तिथूनच मी गोष्ट सुरू केली.

“मार म्हणते ना,” बाईसाहेब म्हणाल्या. “पण आधी तो फोटो बघ. अक्षदा, दाखव तिला.”

अक्षदाने लॅपटॉप वळवला. बाईसाहेबांच्या सगळ्या फोटोंत माणसाचा चेहरा उघडलेला असतो. इथे तो मिटलेला होता. कोपर कानावर, हनुवटी खांद्यात, डोळे घट्ट बंद.

“माझा हात अजून हवेत आहे, दिसतंय?” बाईसाहेब म्हणाल्या. “मोठमोठ्यांना मारलं मी. हात गालावर बसेपर्यंत एकालाही कळलं नाही, कारण त्यांना जन्मात कुणी मारलं नव्हतं. हिला आधी कळलं. कोंडी, हिला घरी कोण मारतं?”

कोंडीने मला सोमीशेजारी चौकटीला टेकवलं. ते कोपर तिच्या ओळखीचं होतं. तिचा दादला जिवंत होता तोवर तिनेही ते तसंच उचललं होतं.

“सोमे, खरं बोल. सुनील मारतो?”

“मोरीत पडले व्हते, आय.”

“मोरी काय रोज पाडती तुला?”

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. सुनील आला, हातात फरसाणाची पिशवी. दारातून फुटका कॅमेरा बघून हसला. “काय रं बाबा, शिनेमा काढताय का मारामारीचा?”

कोंडीने व्हरांड्यात येऊन त्याची कॉलर धरली. “माझ्या पोरीला मारतोस?”

“मामी, कालर सोडा, नवी हाय.” त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. “घराघरात व्हतं. तुमच्यात काय कमी झालं व्हतं? वाडीला म्हाईत हाय.”

कोंडीचा हात खाली आला. मग बाईसाहेब पुढे झाल्या. “हात तोडून फाटकाला टांगीन तुझा.”

“तुमी?” त्याने सोमीचं मनगट बघितलं. “हे रगत कुनी काढलं?”

अक्षदाच हळूच म्हणाली, “बाईसाहेबांनी.”

“मंग? तुमी मारलं तर फोटो, आन् आमी मारलं तर गुन्हा?”

राजेरजवाड्यांना फैलावर घेणारी ती बाई. तिने आपल्या तळव्याकडे बघितलं, त्यावर सोमीचं रक्त होतं. मग ती पायरीवर बसली. त्या दिवसापासून तिने कुणावर हात उगारलेला नाही, कॅमेराही उचललेला नाही. पुस्तक आहे तिथेच राहिलं.

आज मी याच व्हरांड्यात दोन पायांवर भिंतीला टेकून आहे. कोंडी आता माझ्यावर कांदेही टांगत नाही, जाता-येता पदराने धूळ पुसते. परवा नेरळचा सुतार आला होता. साग बघून हळहळला, म्हणाला नवा पाय जोडून देतो, ओळखूसुद्धा येणार नाही. मी तुम्हाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. तरी माझं एवढं ऐका, आणि त्याला सांगा, जोडू नको. माझ्या डोक्यावरून जनावरं मेली, मोठी माणसं उघडी पडली, पण माझ्या अंगाचं सोनं झालं ते एकाच कामात. ते काय ते सांगते आणि थांबते.

त्या दुपारी सुनीलने सोमीचा दंड धरला. “चल, बस गाडीवर. घरी गेल्यावर बघतो.”

तिचं कोपर कानाकडे निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. मग तोच हात खाली आला आणि त्या हाताने तिने मला उचललं. तिने मला सुनीलच्या मनगटावर असं हाणलं की माझ्या सागातून हाडाचा आवाज गेला. पिशवी पडली, फरसाण अंगणभर झालं. तो मनगट धरून खाली वाकला, शिव्या देत पुन्हा अंगावर आला. तिने दुसरा हाणला, गुडघ्यावर. तो मोटारसायकलीवर कोसळला आणि गाडीसकट आडवा झाला. कोंडी धावली तर सोमीने तिला डोळ्यानेच थांबवलं.

मग तिने माझा तडकलेला पाय पायरीच्या दगडावर आडवा धरला, वर टाच रोवली आणि सगळा भार टाकला. पन्नास वर्षं न वाकलेला साग कडाडून मोडला. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. मोडलेला तुकडा तिने त्याच्यापुढे टाकला. ठाकरांत नवरा-बायकोचं तुटलं की चार माणसांदेखत काडी मोडतात, हे त्याला सांगायला नको होतं.

तो जमिनीवरूनच ओरडला, “येडी झालीस? काडी मोडायला चार मानसं लागतात.”

सोमीने श्वास घेतला आणि सावकाश एकेकाकडे बोट दाखवलं.

“आय, बाईसाहेब, अक्षदाताई, आन् चवथा तू सोता, झाली चार मानसं, मोडली काडी.”