न गंजलेली पट्टी

माझं काम लोखंड गंजायला ठेवण्याचं आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "आणि त्याचा पगार देतात?"

देतात. शहरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही लोखंडाच्या बोटभर पट्ट्या घासून-पुसून, वजन करून, कारखान्यांच्या गच्चीवर नाहीतर पुलाखाली टांगून येतो. काही आठवड्यांनी काढून आणतो, गंज उतरवतो आणि पुन्हा वजन करतो. जेवढं वजन घटलं तेवढं लोखंड हवेने खाल्लं. प्रयोगशाळेत मला गंजताई म्हणतात. मी रागावत नाही. नाव शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

अशा मुलीने समुद्राकाठी घर शोधायला जाऊ नये. पण आई निवृत्त झाली आणि क्वार्टर रिकामी करायची वेळ आली. ती हॉस्पिटलात नर्स होती. माझ्या जन्माच्या आधीपासून ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहत होती आणि मी जन्मापासून. शहरात आम्हाला परवडेल अशा जागेत एक तर आई मावली असती नाहीतर आमचं कपाट. म्हणून आम्ही खाडीपलीकडच्या उपनगरात शोधायला लागलो. तिथले निम्मे लोक सकाळी बोटीत बसून शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी वाऱ्याने उभ्या राहिलेल्या केसांनी परत येतात.

कर्ज माझ्या पगारावर मिळणार होतं, म्हणून निवड मी करायची असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. आईची अट एकच होती.

"भिंतीत खिळा ठोकता आला पाहिजे."

क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायला मनाई होती. रंग द्यायलाही मनाई होती. आमचं भिंतीवरचं घड्याळ सगळं आयुष्य फ्रिजच्या डोक्यावर टेकून उभं राहिलं, आणि कुणी फ्रिजचं दार आपटलं की तोंडावर पडायचं. मी जवळजवळ सगळ्या परीक्षांना ते पडलेलं घड्याळ उचलून, त्याची काच पुसून गेले आहे.

घरं दाखवणाऱ्या एजंटला आईने पहिल्याच दिवशी 'पाचमिनिटे' असं नाव ठेवलं. कुठलंही घर बोटीच्या धक्क्यापासून किती लांब, असं विचारलं की तो म्हणायचा, "पाच मिनिटं, मॅडम." मी घड्याळ लावून चालून बघितलं आणि त्याला खरा आकडा सांगितला. तो म्हणाला, "तुम्ही थांबत थांबत चालता." आई म्हणाली, "खरं आहे. ही वाटेत प्रत्येक पाइपाजवळ थांबते."

त्याने दाखवलेल्या घरांतली दोन उरली. एक बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढून तिच्यावर हिशेब लिहिता आला असता. घर कोरडं, पाण्याचा जोर चांगला, सगळं कसं शहाण्यासारखं. दुसरं समुद्रासमोर, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत गेल्यावर आईने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि ती बोलायची थांबली. ती बोलायची थांबणं ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. मीही हात ठेवला, तर कठड्याचा एक पापुद्रा माझ्या हातात आला.

"आई, हे बघ. सगळा गंजलाय."

"जुना असेल."

"किती जुना?"

पाचमिनिटे म्हणाला, "आधीच्या मालकांच्या वेळचा."

"म्हणजे किती वर्षांचा?"

ते त्याला माहीत नव्हतं. आणि इथे माझ्या शिक्षणाने घात केला. कठडा डोळ्यांसमोर भुगा होत होता, पण त्याचं वय माहीत नाही, लोखंड कुठल्या प्रतीचं ते माहीत नाही, शेवटचा रंग कधी दिला ते माहीत नाही; मग त्याला पुरावा कसं मानायचं? मी जाहीर केलं की दोन्ही घरांत एकेक पट्टी टांगायची आणि महिनाभराने निकाल लावायचा.

"महिनाभर?" पाचमिनिटे म्हणाला. "मॅडम, समुद्राच्या घराला दुसरी पार्टी तयार आहे."

"दुसरी पार्टी महिनाभर थांबते का विचारा ना," आई म्हणाली. "कदाचित त्यांच्याही घरी एखादी शास्त्रज्ञ असेल."

कसा कोण जाणे, महिना मिळाला. मी दोन्ही बाल्कन्यांत नायलॉनच्या दोरीने पट्ट्या टांगल्या. दोन्हींची उंची सारखी, तोंडं एकाच दिशेला. गल्लीतल्या घरात पाहणी करायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे कशासाठी? मी इतकं सविस्तर सांगितलं की त्या घर न बघताच गेल्या.

महिना संपला तेव्हा गल्लीतली पट्टी छान गंजली होती. एकसारखा, नारिंगी, पुस्तकातल्या चित्रासारखा गंज. मग आम्ही समुद्रासमोरच्या घरात गेलो. तिथली पट्टी चकचकीत होती. मी टांगली तेव्हा होती तशीच, किंबहुना थोडी जास्तच.

मला आनंद झाला असं म्हणणं कमी होईल. समुद्रासमोर लोखंड जास्त गंजतं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. इथे उलटं झालं होतं. आणि निकाल उलटा आला की माझ्यासारख्या माणसाला चूक शोधावीशी वाटत नाही, शोध लागलासा वाटतो. बोटीतून परत जाताना मी आईला समजावलं की समुद्रावरून येणारा वारा इमारतीच्या तोंडावर आपटून वर उसळतो, त्यामुळे त्यातलं मीठ पुढच्या बाल्कन्यांना चुकवून मागच्या गल्लीत पडतं. मी तिकिटाच्या मागे बाण काढून दाखवले.

"अस्सं," आई म्हणाली. "वारा वरून जातो होय?"

"म्हणजे समुद्रासमोरचं घर घ्यायला काही हरकत नाही."

"बघ बाई. तुझं शास्त्र म्हणतंय तर घेऊ. मी काय, गल्लीतही राहिले असते."

पाचमिनिटेला फोन केला. शनिवारी मालक बोटीने येणार, त्यांच्या हातात टोकन द्यायचं असं ठरलं.

शुक्रवारी मी समुद्रासमोरच्या पट्टीचं वजन केलं. ते घटलं तर नव्हतंच, उलट केसभर वाढलं होतं. इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण माझा सिद्धान्त तोवर इतका देखणा झाला होता की मी त्याला आणखी एक कलम जोडलं: हवेतल्या क्षारांचा एक पातळ संरक्षक थर. त्या थराची चित्रं काढून मी विभागप्रमुखांकडे गेले. सर निवृत्तीला आलेले. त्यांनी आयुष्यभर पुलांचा गंज पाहिलेला. त्यांनी माझे बाण शांतपणे पाहिले, मग पट्टी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा नाकाशी नेला.

"त्या घराच्या कठड्याची काय अवस्था आहे?"

"भुगा झालाय, सर. पण त्याचं वय माहीत नसल्यामुळे मी तो धरला नाही."

"वा," सर म्हणाले. त्यांनी तोच अंगठा आपल्या फुटलेल्या ओठांवरून फिरवला. "हा तुझा संरक्षक थर. आमच्याकडे थंडीत सगळे लावतात. एवढ्याशा डबीत मिळतो."

मी बाणांच्या चित्रांची घडी घातली.

"लावणाऱ्याचा हात मात्र फार साफ आहे," सर पट्टी उजेडात धरून म्हणाले. "कडेपर्यंत एकसारखा थर. इतकं नीट आपल्या इथे कुणाला जमत नाही. माणूस मोकळा असेल तर पाठव."

माणूस कोण, ते मला बोट दाखवून सांगायची गरज नव्हती. गॉजच्या बोळ्यावर पेट्रोलियम जेली घेऊन, एकसारखा हात फिरवत, माझी सोललेली ढोपरं आणि अर्ध्या शहराच्या भाजलेल्या जखमा जिने झाकल्या होत्या, तिचाच हात.

घरी आले तेव्हा आई जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. मी पट्टी तिच्यासमोर ठेवली.

"हात धुऊन ये," ती म्हणाली.

"आई, हे तू केलंस?"

तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातली वाटी आधी पूर्ण गुंडाळली. "तू टांगून आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाचमिनिटेकडून चावी घेतली. तो बिचारा म्हणाला, मावशी, हे विज्ञानात चालतं का? मी म्हटलं, औषधात तरी चालतं."

"म्हणजे माझा निकाल खोटा."

"तुझा निकाल मला आधीच माहीत होता. तू पट्टी टांगायच्या आधी कठडा पाहिलास, तेव्हाच तुझं तोंड पडलं होतं. फक्त तुला ते कागदावर हवं होतं." तिने दुसरी वाटी उचलली. "पण त्या वाऱ्याचं तू कुठून काढलंस? मला वाटलं होतं तू बघशील, हसशील, मला दोन शब्द सुनावशील आणि आपण बोलू. तू तर बाण काढायला लागलीस. इतक्या आनंदात होतीस की मला सांगवेना."

मी फ्रिजला टेकून बसले. वरचं घड्याळ हललं. आम्ही दोघींनी एकदमच वर हात केला.

"आई, ते घर लोखंड खाणार. कठडा, जाळ्या, बिजागऱ्या, नळ. दर वर्षी खरवडून रंगवावं लागेल. एक वर्ष चुकलं तरी झालं. उद्या टोकन आहे. गल्लीतलं घर अजून आहे, मी आत्ता फोन करू शकते."

"कर," ती म्हणाली. "पगार तुझा आहे. मी अडवणार नाही." तिने पुढचं भांडं हातात घेतलं. "फक्त ते रंगवण्याचं वाईट म्हणून सांगू नकोस."

"का?"

"इथे गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीला गंज आला. मी अर्ज केला. एक माणूस येऊन बघून गेला. मग दुसरा येऊन, पहिला आला होता का ते विचारून गेला. मी म्हटलं, मला ब्रश द्या, मी रंगवते. म्हणाले, सिस्टर, तुम्हाला हात लावता येणार नाही, ही हॉस्पिटलची मालमत्ता आहे." तिने भांडं खाली ठेवलं. "गंजेल ना ते घर? गंजू दे. माझं गंजेल. मी खरवडीन, मी रंगवीन. गल्लीतल्या घरात मी दिवसभर करू काय? त्या भिंतीकडे बघत बसू?"

मी मोठ्या कष्टाने दोन्ही घरांसाठी एक तक्ता केला होता. त्यात ओलावा होता, मीठ होतं, वाऱ्याची दिशा होती. आईला दिवसभर काय करायचं आहे, असा रकाना त्यात नव्हता. मला तो सुचलाही नव्हता, आणि सुचला असता तर मी त्याचं एकक कुठलं, या प्रश्नावर अडले असते.

"पुन्हा माझ्या नमुन्याला हात लावशील?" मी विचारलं.

"तू पुन्हा बाण काढशील?"

फोन मी केलाच, पण फक्त पाचमिनिटेला, मालक किती वाजता येणार ते विचारायला. तो म्हणाला, "बोट लागली की पाच मिनिटांत."

घराचा ताबा मिळाला त्या दिवशी मी स्टेनलेस स्टीलचे खिळे घेऊन गेले. पहिला वाकला. दुसऱ्याने भिंतीचा बशीएवढा तुकडा पाडला. आईने माझ्या हातातला हातोडा घेतला, पिशवीतून साधा लोखंडी खिळा काढला आणि ठोकला. घड्याळ किंचित तिरकं लागलं आहे. मी पाणसळ लावून किती ते मोजलं. आईने पाणसळ कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

कठड्यासाठी मी राखाडी रंग सुचवला होता. त्यातल्या जस्ताचं प्रमाण वगैरे पाहून. मग एक दिवस कामावरून परतताना बोट वळली आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या फिकट इमारतींत तिसऱ्या मजल्यावर एक पोपटी पट्टा दिसला. त्याच्यामागे स्टुलावर उभं कुणीतरी हातात ब्रश घेऊन शेवटचा गज रंगवत होतं.

माझ्या शेजारी दोन बायका बसल्या होत्या. "अगंबाई," एक म्हणाली, "तो भडक कठडा कुणाचा असेल गं?"

"असतील कुणीतरी हौशी," दुसरी म्हणाली. "बरं आहे, धक्का आला की कळेल. डुलकी काढायला हरकत नाही."

मी पाण्याकडे बघत राहिले. आईने हात वर करून ब्रश हलवला, तेव्हा मलाही हात वर करून ओळख द्यावीच लागली.