अडतीस नंबर हजर

"या बाकावर कोण आहे? येणार आहे का तो?"

सुपरवायझर बाईंनी विचारलं, तरी मिनलने मान वर केली नाही. सहा पेपरांना सहा वेगळे सुपरवायझर आले आणि घंटा झाल्यावर पाच मिनिटांच्या आत प्रत्येकाने हाच प्रश्न तिलाच विचारला, कारण रिकाम्या बाकाला लागून तीच बसलेली. पहिल्या पेपरला तिने खरं ते सांगितलं होतं, की तो वारला. ते सर इतके गडबडले की त्यांनी तिलाच सॉरी म्हटलं आणि मग तीन तास अधूनमधून तिच्याकडे बघत राहिले. तेव्हापासून ती शहाणी झाली होती.

"नाही येणार," ती म्हणाली.

"नक्की? असू दे, अर्धा तास ठेवावीच लागते." बाईंनी कोरी उत्तरपत्रिका त्या बाकावर ठेवली आणि पुढे गेल्या.

तो अर्धा तास मिनलला जड जायचा. वर पंखा, खाली ती कोरी उत्तरपत्रिका. पान उचललं जायचं, पुन्हा बसायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहायचं की शेजारी कुणीतरी पान उलटतंय. अर्ध्या तासाने बाई आल्या, उत्तरपत्रिका उचलली आणि आपल्या कागदावर लाल पेनने गैरहजर म्हणून खूण केली. मग कुठे मिनलने पहिला प्रश्न वाचला.

समाधान खिल्लारे नऊ एप्रिलला सकाळी पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडवर ट्रेलरखाली गेला. परीक्षेचा फॉर्म त्याने मार्चमध्येच भरलेला होता. तो गेल्याचं वर कोणी कळवलं नाही, आणि कॉम्प्युटरने इमानेइतबारे त्याचं हॉल तिकीट काढलं, त्याला बाक दिला. तीही खिल्लारे, तोही खिल्लारे. नात्याचा काही संबंध नाही. ती हिंगोलीकडची, खोली घेऊन ताथवड्यात राहणारी. त्याचे आईवडील जालन्याकडून येऊन चिखलीत स्थिरावलेले. पण पहिल्याच वर्षी हजेरीत तिचा नंबर सदतीस आणि त्याचा अडतीस लागला, वर्गाने दोघांना भाऊ-बहीण ठरवून टाकलं, आणि हळूहळू तेही ते मानायला लागले.

समाधान चाकणला एका कंपनीत थर्ड शिफ्ट करायचा. रात्री अकरा ते सकाळी सात वायरिंगच्या लाइनवर उभं राहायचं आणि नऊच्या लेक्चरला येऊन बसायचं. म्हणजे यायचा तेव्हा यायचा. नाही आला की हजेरीच्या कागदावर मिनल आपल्या नावापुढे सही करायची आणि खालच्याच ओळीत त्याचीही करायची. चार वर्षांत तिला त्याची सही त्याच्यापेक्षा बरी जमायला लागली होती, असं तो स्वतःच म्हणायचा.

पेपर सुटला. शेवटचा पेपर, म्हणून बाहेर मुलांनी एकमेकांच्या शर्टांवर पेनने नावं लिहायला सुरुवात केली होती. मिनलला उभं राहवत नव्हतं. दीड महिना ती धड झोपली नव्हती, मान अवघडलेली, डोळ्यांत खडे पडल्यासारखं होत होतं. खोलीवर दोन बॅगा भरून तयार होत्या. उद्या सकाळी बस, परवा तमिळनाडूत होसूरच्या कंपनीत रुजू व्हायचं. मधे फक्त एक काम होतं, आणि त्या कामाला ती सहाही पेपरांपेक्षा जास्त घाबरली होती. कस्तुरामावशींनी जेवायला बोलावलं होतं.

कस्तुरामावशी म्हणजे समाधानची आई. तळवड्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटायच्या, रोज चारशे माणसांच्या. त्यांच्या घरी जायचं म्हणून मिनल कॉलेजच्या कँटीनच्या पायऱ्यांजवळून न जाता मागच्या गेटने बाहेर पडली. त्या पायऱ्यांवर समाधान बसलेला असायचा. निळा शर्ट, हातात चहाचा कागदी कप, बाजूला पोह्यांची प्लेट. नऊ एप्रिलच्या सकाळी दहा वाजता तो तसा बसला होता, हे तिला स्वच्छ दिसायचं. आणि तसा तो कधी बसलाच नव्हता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ते सगळं तिनेच रचलेलं होतं.

झालं होतं ते असं. समाधानच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विभागप्रमुख सर चिखलीला आले होते. भंतेजींनी वंदना घेतल्यावर सर चार शब्द बोलायला उभे राहिले. माणूस चांगला, आईबापाला धीर वाटावा म्हणून त्यांनी येण्याआधी समाधानची कागदपत्रं चाळलेली. "समाधान त्या दिवशीही कॉलेजात हजर होता," ते म्हणाले. "सबमिशनच्या हजेरीत त्याची सही आहे. सगळं काम पूर्ण करूनच तो गेला." मंडपात बायका रडायला लागल्या. कस्तुराबाई रडल्या नाहीत. त्या उठून सरळ मिनलजवळ आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "तू होतीस ना तिथं? मला तर म्हणले पावणेदहालाच झालं. पोलिसाची येळ चुकली असंल. आला होता ना गं तो?"

आणि मिनल म्हणाली, "हो मावशी, आला होता."

त्या क्षणी दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. दोन दिवसांनी फोन आला: काही बोलला का? मिनलने सांगितलं, हसला, म्हणाला सुटलो एकदाचा. चार दिवसांनी: काही खाल्लं का? पोहे खाल्ले, चहा प्यायला. कुठला शर्ट होता? निळा. अभ्यास करताना फोन वाजला तरी ती उचलायची, आणि दर वेळी समाधानला त्या पायऱ्यांवर आणखी थोडा वेळ बसवून ठेवायची. दीड महिन्यात तो इतका खरा झाला, की मेलेला समाधान मागे पडला आणि हा तिच्या मागे लागला.

चिखलीतल्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. समाधानचे वडील कोंडीराम सेकंड शिफ्टला गेलेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्याखाली समाधानचा फोटो. कॉलेजच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, त्यामुळे जरा धूसर.

"ये गं. झाली का परीक्षा? डोळे बघ कसे झालेत तुझे." कस्तुराबाईंनी ताट वाढलंच होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, दोन भाकऱ्या. स्वतः समोर भिंतीला टेकून बसल्या. "आज माझी मोठी बहीण फोनवर होती जालन्याहून. तिला सांगितलं, आमच्या समाधानची बहीण जेवायला यायलीय. मग तिला पुन्हा समदं सांगितलं, कसा कॉलेजात आला, कसं काम संपवलं, पोहे खाल्ले. तिला आवडतं ऐकायला." त्या थांबल्या. "एक राहिलं बघ विचारायचं. निघताना तो काय म्हणला गं? गाडीवर बसताना? उद्या तू चाललीस, मग मी कुणाला इचारू."

मिनलच्या हातातला घास हातातच राहिला. उत्तर तयार होतं. म्हणाला, आईला फोन करतो. एवढं म्हटलं की झालं, मावशी तेवढ्यावर दहा वर्षं काढतील. पण म्हटलं तर होसूरलाही फोन येणार, आणि समाधानला तिथेही कुठल्यातरी पायरीवर बसवावं लागणार. तिला एकदम इतका थकवा आला की खोटं बोलायचीही ताकद उरली नाही.

"मावशी, तो आलाच नव्हता कॉलेजात."

कस्तुराबाईंनी फक्त मान थोडी पुढे केली, नीट ऐकू न आल्यासारखी.

"ती सही मी केलेली आहे. नेहमी मीच करायचे. त्या दिवशी सर स्वतः हजेरी घेणार असं कळलं, म्हणून मी नऊला त्याला फोन केला. त्याच्या जागी उभा राहणारा रिलिव्हर वेळेवर आला नव्हता, तो दोन तास जास्त थांबून तेव्हाच गेटबाहेर पडत होता. म्हणाला, मिने, डोळ्यांवर झोप आहे गं, कर ना सही, रोजचीच आहे. मी नाही म्हटलं. वैतागले होते मी, त्याची जर्नलं लिहून लिहून. म्हटलं, आज तू येच." तिने घास ताटात ठेवला. "मग साडेनऊला कागद फिरत आला. सरांनी मान पण वर केली नाही. आणि माझ्या हाताने सवयीने सही करून टाकली. तेव्हा फोन हातात घेतला होता मी. येऊ नको म्हणून सांगणार होते. मग वाटलं, येऊ दे, कळू दे एकदा. आणि फोन बॅगेत टाकला."

खाली कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. ती थोडा वेळ घरघरत राहिली.

"मंजी सही झाली होती," कस्तुराबाई म्हणाल्या. "अन् तो यायलाच होता."

"हो."

"फोन केला असतास तर थांबला असता?"

"माहीत नाही, मावशी. कदाचित बाजूला गाडी लावून उचलला असता. उचलायचा तो माझा फोन."

"उचलायचा," कस्तुराबाई म्हणाल्या.

मिनलला वाटलं, आता त्या ऊठ म्हणतील, शिव्या देतील, आणि तिला ते हवंही होतं. पण त्या भिंतीला टेकूनच बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. जणू मनातल्या मनात एकेक गोष्ट परत घेत होत्या. हसला नव्हता. निळा शर्ट नव्हता. पायऱ्यांवर बसला नव्हता.

"मग पोहे पण न्हाई खाल्ले."

"नाही."

"चहा?"

"नाही, मावशी."

मग कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, पण मिनलला नाही, समोरच्या भिंतीला म्हणाव्यात तशा, "मेथीची भाजी होती त्या दिवशीच्या डब्यात. अन् तीन भाकऱ्या. मी म्हणलं दोन ने, तर म्हणला तीन दे, आज काम जास्ती हाय." त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला. "पोलिसांनी त्याची पिशवी दिली ना, त्यात डबा होता. चेपला होता एका बाजूनं. पर रिकामा होता. मीच घासला. तवा मला काही वाटलंच न्हाई त्याचं, मी आपली तुझ्या पोह्यातच अडकलेली. समदं खाल्लं होतं त्यानं. तुकडा ठेवला नव्हता."

त्या मिनलकडे वळल्या.

"शेवटचं माझ्या हातचं खाल्लं त्यानं. अन् दीड महिना मी लोकांना कँटीनचे पोहे सांगत फिरले."

त्यात राग होता. मिनलने तो ऐकला आणि खाली बघितलं. माफ करा, हा शब्द तिने येताना रस्त्यात वीसदा घोकला होता, पण इथे तो उच्चारायचीही तिला लाज वाटली. ती रडायला लागली. कस्तुराबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. रडणं थांबेपर्यंत थांबल्या आणि मग ताटाकडे बोट केलं.

"जेवून घे. अन्न टाकू नये."

मिनल जेवली. सगळं संपवलं. कस्तुराबाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या, तांब्या तिच्यापाशी ठेवला आणि पुन्हा तिथेच, भिंतीला टेकून बसल्या. तिने ताट घासायला उचललं, तर ते त्यांनी तिच्या हातातून काढून घेतलं.

"नीघ आता. पाचनंतर तळवड्याच्या कंपन्या सुटल्या की रिक्षा मिळत न्हाई."

ती चपला घालत होती तेव्हा कस्तुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा कोरडा होता, आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच त्या तिच्याकडून काही ऐकायला थांबल्या नव्हत्या.

"पोचलीस की फोन कर. तिथं खायचं काय, ऱ्हायचं काय, ते सांग," त्या म्हणाल्या. "त्याचं मातुर आता मला काही सांगू नको. त्याचं मी सांगीन तुला."