कुर्माघरातले पाच दिवस

दुपारचं पाणी बदलायची वेळ झाली की कमळा आधी घरातल्या कोंबड्या हुसकायची, दार लोटायची, तोंडाला फडकं बांधायची आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची. नऊ महिन्यांच्या रोशनीची दोन्ही मूत्रपिंडं जन्मापासून निकामी होती. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढून घ्यायचं. दिवसातून चार वेळा. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या त्या खेड्यात, सातवी शिकलेल्या या आईने सहा महिन्यांत एकही वेळ चुकवली नव्हती.

चंद्रपूरच्या बालमूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. हर्षा खोब्रागडे यांना तिचं भारी कौतुक. तान्ह्या बाळांचं डायलिसिस आईच्या हातून घरीही होऊ शकतं, हे त्यांना आपल्या संशोधनातून दाखवायचं होतं. त्या स्वतः येऊन घर पाहून गेल्या होत्या. चुना मारलेली खोली, उजेड, पाणी, सगळं तपासलं. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून बाळंतपणानंतर कमळाला पाळी आलीच नव्हती. ती आल्यावर काय, हे डॉक्टरीणबाईंना सुचलं नाही. बाई असून सुचलं नाही!

पाळी आली आणि सासूने गावाबाहेरच्या कुर्माघराकडे बोट दाखवलं. विटाळशी बाईने पाच दिवस त्या झोपडीत राहायचं, कशाला शिवायचं नाही, ही गावाची रीत. पोरीसाठी तरी घरात राहू द्या म्हणून कमळा पाया पडली. सासू काही दुष्ट नव्हती. नातीवर तिचा जीव होता. पण रीत मोडली तर देव कोपेल आणि नातच जाईल, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. अंगावरचं बाळ आईबरोबर झोपडीत गेलं.

कुडाच्या भिंती, खिडकी नाही, जमीन ओली. नवरा लालसू औषधी पाण्याच्या पिशव्या लांबूनच ठेवून जायचा. कमळाने तिथेही तोंड बांधलं, हात धुतले, पण नाल्याच्या पाण्याने. तिसऱ्या दिवशी सकाळी पोटातून निघालेलं पाणी गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे पोटात जंतू शिरले, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे तिला शिकवलेलं होतं. तिने दारातूनच लालसूला सांगितलं.

लालसू पंचांकडे गेला. दोनच दिवस उरले, तेवढे होऊ दे म्हणाले; विटाळशीला गाडीवर कोण बसवणार? स्वतःची मोटारसायकल दारात असलेला तो बाप मान खाली घालून परत आला.

पाचव्या दिवशी न्हाणं उरकल्यावर गाडी निघाली. चंद्रपूरच्या वाटेवरचं आष्टी यायच्या आत रोशनीने आईच्या मांडीवर जीव सोडला.

आठवड्याने डॉक्टर भेटायला आल्या. कमळा रडली नाही.

"मॅडम, तुमी मले समदं शिकवलं," ती म्हणाली. "हे पाच दिवस कुठी काढशीन, हे काऊन नाई इचारलं?"

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाल्या. अहवालात मृत्यूचं कारण लिहिताना त्यांनी नुसता जंतुसंसर्ग लिहिला नाही, कुर्माघर लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक आईला त्या हा प्रश्न आधी विचारतात.

पुढच्या महिन्यात कमळा घरातच राहिली. सासूने अडवलं नाही. लालसू स्वतः पंचांना सांगून आला, की ती जाणार नाही. देव कोपला नाही. मग पोरगी जिवंत होती तेव्हा एवढंसं कोणालाच का जमू नये?