चिंचेनं घासलेला बुश

माझी बायको झुंबर गेली त्या दिवशी मी मलकापूरला ट्रॅक्टरचा बुश बदलून आणायला गेलो होतो. दुपारच्या एस.टी.नं परत आलो, रोहिणखेडच्या फाट्यावर उतरलो, तर कडूबा बैलगाडी घेऊन उभा. कडूबा माझा शेजारी. त्याचं माझं वावर लागून आहे, आणि माझ्या ट्रॅक्टरला तो पहिल्या दिवसापासून 'लाल हल्या', म्हणजे लाल रेडा, म्हणत आला आहे.

"भेटला का बुश?" त्यानं विचारलं.

"हाव. भांडून आणला."

"पाहू दे."

मी पिशवीतून काढून दिला. त्यानं तो हातात फिरवला, उन्हात धरला आणि म्हणाला, "चांगला आहे."

कडूबानं माझ्या कोणत्याही वस्तूला आजवर चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्या बैलांना नाही, माझ्या विहिरीला नाही, ट्रॅक्टरला तर नाहीच. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं बे?"

"बस गाडीत," तो म्हणाला. "सांगतो."

गाडी ओढ्यापाशी आल्यावर त्यानं सांगितलं. झुंबर अंगणात तूर पाखडत बसली होती. सुनेला म्हणाली, पाणी आण. सून पाणी घेऊन आली तेव्हा सूप कलंडलेलं होतं आणि ती भिंतीला टेकलेली होती. कडूबा सांगत होता आणि बुश त्याच्याच हातात होता. परत द्यायचं त्याला सुचलं नाही, मागायचं मला सुचलं नाही.

आता बुशाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा. मी घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. खामगावच्या एका बागायतदारानं तो विकायला काढला आणि मी घेतला. घेताना बैलजोडी विकली. इंजिन चांगलं, पण त्याचे अस्सल भाग इकडे यायचे बंद झाले होते. जे मिळायचे ते कुठल्या तरी कारखान्यात पाहून पाहून बनवलेले. खोकं अस्सलासारखं, रंग अस्सलासारखा, आतला माल देवाच्या भरवशावर. पंख्याचा पट्टा मोताळ्याच्या बाजाराला जाऊन येईपर्यंत टिकला नव्हता. तेलाच्या गाळणीत गाळणीच नव्हती, नुसता पुठ्ठा.

पुढचं चाक ज्या खुंट्यावर वळतं, त्याच्याभोवती एक पितळी नळी बसते. तिला बुश म्हणतात. पितळ मऊ, ते झिजतं आणि लोखंडी खुंटा वाचतो. माझा बुश झिजला आणि ट्रॅक्टर डावीकडे ओढायला लागला. मी नांगराचं सरळ तास धरलं की तो कडूबाच्या वावरात शिरायचा.

"तुह्या हल्याले माही कपाशी आवडते वाटते," कडूबा म्हणायचा.

तर त्याआधी एकदा मी मलकापूरहून नवा बुश आणला होता. सोन्यासारखा चमकत होता. आमच्या घरी धातूची कोणतीही नवी वस्तू आली, मग तो गडवा असो की नांगराचा फाळ, की झुंबर ती आधी चिंच आणि राख लावून घासायची, मग कुंकू लावायची आणि मगच वापरू द्यायची. बाजारातून आलेल्या वस्तूला दहा जणांचे हात लागलेले असतात, ते धुवून काढावे, एवढंच तिचं म्हणणं. ट्रॅक्टरच्या बोल्टालासुद्धा सुटका नव्हती.

तिनं बुश घासायला घेतला आणि हाक मारली, "अवो, इकडं या. तुमचं सोनं पाहा."

पितळ चिंचेनं उजळतं. हे काळं पडत चाललं होतं. वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड.

"कुंकू नाई लावत मी याले," ती म्हणाली. "कुंकू लावलं का वस्तू घरची होते, मंग परत कशी नेसान? जा, बदलून आना."

"दुकानदार म्हनन, घासला काऊन?"

"त्याले म्हना, माह्या बायकोनं घासला. लय बोलला त मले घेऊन जा."

दुकानदार शालिग्रामशेठ तिला ओळखून होता. मागं गाळणीच्या वेळी ती स्वतः दुकानात गेली होती आणि तो पुठ्ठा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उलगडून दाखवला होता. त्यामुळं मी बुश बदलायला गेलो त्या दिवशी त्यानं थोडी कटकट केली आणि दुसऱ्या खोक्यातला बुश दिला. तोच मी घेऊन आलो होतो.

तेरवी झाली. मुलगा उद्धव देऊळघाटला मास्तर आहे, तो परत नोकरीवर गेला. सून सुहासिनी माझ्याजवळ राहिली. कडूबानं बुश आणून भिंतीतल्या देवळीत ठेवला होता, तो तिथंच होता. ट्रॅक्टर खळ्यात, एक चाक काढलेलं, खाली दगड लावलेला. बाकी लोकांच्या ज्वारीच्या पेरण्या सुरू झाल्या होत्या. माझं वावर तसंच पडलेलं. जमिनीतली ओल रोज खाली जात होती. ती गेली की रब्बी गेली.

कडूबा रोज सकाळी यायचा. दुःखाचं एक अक्षर बोलायचा नाही. ट्रॅक्टरला एक फेरी मारायचा.

"वामनराव, हल्या उपाशी मरून राह्यला. बुश बसवत काऊन नाई?"

"घासला नाई अजून."

"मंग घास ना. हात मोडले का?"

 घासला आणि खोटा निघाला तर पुन्हा मलकापूर, पुन्हा भांडण. आणि खरा निघाला तर ते सांगायचं कोणाला? दोन्ही नको वाटत होतं. बिनघासलेला बुश बसवावा, तर तेही होईना.

"ओल कोनासाठी थांबत नाई," कडूबा एक दिवस म्हणाला. "माही पेरनी झाली का माहे बैल घेऊन जाय."

कडूबानं आपले बैल सख्ख्या भावाला दिले नव्हते.  तो गेल्यावर सून बाहेर आली. तिच्या एका हातात चिंच होती, एका हातात राखेची वाटी.

"मामाजी, मी घासू का?"

"नाई," मी म्हटलं. "दे इकडं."

मी घासायला बसलो. झुंबर कशी घासायची ते मी रोज पाहिलं होतं, पण चिंच किती आणि पाणी किती ते पाहिलं नव्हतं. धोतर, हात, ओटा, सगळं बरबटलं. सून पदराआड हसत होती. थोड्या वेळानं पिवळ्या रंगाखालून काळं डोकवायला लागलं. मी आणखी घासलं. आणखी काळं.

हाही खोटा!

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते थांबेना. कडूबा आमच्या दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून धावत आला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. मी त्याच्यापुढं बुश धरला.

"चांगला आहे म्हनत होतास ना बे?"

"त्या दिवशी काय म्हनायचं होतं मंग मी?" कडूबा म्हणाला, आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी मलकापूरला गेलो. सुनेनं चिंचेचा गोळा आणि राखेची पुडी पिशवीत टाकून दिली होती. दुकानात गर्दी होती. मला पाहून शालिग्रामशेठ म्हणाला, "आलात का? आज वहिनीनं काय सांगतलं?"

"ती वारली," मी म्हटलं. "तुमच्या दुकानात होतो त्याच दिवशी."

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मग त्यानं काळा पडलेला बुश उचलून पाहिला. म्हणाला, "वामनराव, खरं सांगतो, मलेही खोक्यावरूनच कळते. ते लिहितेत अस्सल, मी विकतो अस्सल."

"मंग घासून विकत जा ना."

तो आतल्या खोलीत गेला आणि चिंधीत गुंडाळलेला एक बुश घेऊन आला. मळकट, ग्रीसनं भरलेला. मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरमधून त्यानं काढून ठेवला होता. "जुना आहे, पन असली कंपनीचा आहे," तो म्हणाला. "असल्या पाच खोट्यांले पुरून उरन."

मी रॉकेलच्या बोळ्यानं ग्रीस पुसलं आणि काउंटरवरच चिंच काढली. पितळ उजळत गेलं, पिवळंधमक. बाजूला एक पाटील पंपाचा बुश घेत उभे होते. म्हणाले, "भाऊ, थोडी चिंच इकडं पन द्या." त्यांच्यामागं आणखी एक जण सरकला. शेठ कपाळावर हात मारून म्हणाला, "वहिनी गेल्या, पन दुकान बुडवून गेल्या माहं."

घरी आलो आणि कडूबाला हाक मारली. ओल अजून बोटभरच खाली होती. दोघांनी मिळून बुश ठोकला, खुंटा चढवला, चाक लावलं, दगड काढला. ट्रॅक्टर सुरू केला आणि खळ्यातून सरळ बाहेर काढला. अगदी सरळ. कडूबा पुढं पळत होता आणि ओरडत होता, "हल्या सुधारला रे!" तसाच वावरात नेला. दिवस मावळेपर्यंत निम्मं वावर पेरून झालं, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी परत आलो तेव्हा सून दारात उभी होती. झुंबरचा करंडा तिच्या हातात होता.

"मामाजी, बुशाले कुंकू?"

मी कडूबाकडे पाहिलं, कडूबानं चाकाकडे पाहिलं. ते काम झुंबरचं होतं, आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. बुश आता आत होता. कुंकू लावायचं तर चाक उतरवावं लागेल, खुंटा ठोकून काढावा लागेल.

"बोनेटले लाव," कडूबा म्हणाला. "तेवढंच."

"नाई," मी म्हटलं. "ती बुशालेच लावायची."

ज्वारी आता गुडघाभर झाली आहे. ट्रॅक्टर सरळ चालतो. बुशाला कुंकू लावायचं राहिलं आहे.