मिसेस पार्किनचा किल्ला

बेव्हनने क्वीन्सलँडमध्ये पाऊल ठेवलं तेच उपकार केल्यासारखं. सगळा जन्म बॅलरॅटच्या थंडीत काढलेला माणूस. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या थंड दक्षिणेत बटाटेसुद्धा शिस्तीत उगवतात, असं त्याचं ठाम मत होतं. बायको, नोला, गेली तेव्हा मुलगी लिनेट स्वतः गाडी घेऊन गेली आणि त्याला इप्सविचला आपल्या घरी घेऊन आली. अंत्यविधीला तो रडला नव्हता. सँडविच बरी होती, एवढंच म्हणाला होता. बरोबर सामानही फारसं आणलं नाही. कपड्यांच्या दोन बॅगा, हत्यारांची पेटी, आणि मागच्या सीटवर पिंजऱ्यात मिसेस पार्किन.

मिसेस पार्किन ही कोंबडी. काळी, वजनदार आणि सतत कुणाची तरी चूक पकडल्यासारखी बघणारी. नोलाने तिला आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं नाव दिलं होतं, कारण दोघींची चाल एकच होती. अंडी घालणं तिने केव्हाच सोडलं होतं. पण घरट्यातल्या चिनी मातीच्या अंड्यावर मात्र ती रोज मन लावून खुडूक बसायची. कोंबड्यांना जागा कळावी म्हणून घरट्यात ठेवतात तसलं हे खोटं अंडं, नोलाच्या आईच्या वेळचं, झिलई पार उडालेलं. खऱ्या अंड्यांत मिसळू नये म्हणून नोलाने त्यावर पेन्सिलीने तोंड काढलं होतं: दोन ठिपके आणि एक वाकडं हसू. पुसट झालं की ती पुन्हा गिरवायची. शेवटचं गिरवलं ते दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी.

प्रवासभर ते अंडं बेव्हनच्या कोटाच्या खिशात होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की परसात लिंबाच्या झाडामागे कोल्हा शिरणार नाही असं खुराडं आणि त्याला जोडून जाळीचं अंगण बांधायचं. जावई क्लिंट नळाची कामं करायचा. हातात पाना धरणारा माणूस, मदतीला लगेच तयार झाला. तीच त्याची चूक.

"बेव्हन, इथे कोल्ह्यापेक्षा सापाचं बघा," क्लिंट म्हणाला. "अजगर येतो. जाळी बारीक भोकांची घ्या, करंगळी जाणार नाही अशी."

"जन्मभर कोंबड्या पाळल्यात मी. एकही अजगर आला नाही."

"बॅलरॅटला?"

"कुठेही."

"बॅलरॅटला आला असता तर गारठूनच मेला असता हो."

"म्हणजे माझा बंदोबस्त चोख होता, असंच ना?" बेव्हन म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारायला लागला. माणूस एकदा अशा तर्काला पोचला की त्याला फक्त खिळे आणून द्यावेत.

मग बांधकाम सुरू झालं. बेव्हनने चारी बाजूंनी चर खणला. तिथली माती अशी की कुदळीलाच लाज वाटावी. चरात त्याने जाळी पुरली आणि जमिनीखाली बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे कोल्हा उकरायला लागला की त्याच्या पंजाखाली तार यावी. वर छप्पर. खांबांना काँक्रीट. एकामागे एक दोन दारं, आणि कडी अशी की उघडायला दोन हात आणि थोडं शिक्षण लागावं. कोल्ह्याकडे दोन्ही नसतं. जाळीची भोकं मात्र बॅलरॅटसारखीच, दोन बोटं आरामात जातील एवढी. कोल्ह्याचं डोकं काही दोन बोटांएवढं नसतं, असं बेव्हनने सगळ्यांना समजावून सांगितलं, जणू यावरच कुणी त्याच्याशी वाद घालत होतं.

"बँक काढताय का?" क्लिंटने विचारलं.

"तू हस. कोल्हा आला की कळेल."

"बाबा, आम्ही इथे राहतोय तेव्हापासून मी एकच कोल्हा पाहिलाय," लिनेट म्हणाली. "तोही रस्त्यावर मेलेला."

"धसका घेतला असेल त्याने," बेव्हन म्हणाला.

काम संपलं त्या संध्याकाळी त्याने मिसेस पार्किनला दोन्ही दारांतून समारंभाने आत नेलं. घरट्यात ताजा पेंढा घातला, खिशातून अंडं काढलं, त्या वाकड्या हसण्यावरून अंगठा फिरवता फिरवता थांबला, पुसेल म्हणून, आणि अंडं हळूच पेंढ्यात ठेवलं. आता ते सुरक्षित होतं. नोला गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच गाढ झोप लागली.

सकाळी तो दाणे घेऊन गेला, तर मिसेस पार्किन सगळ्यात वरच्या दांडीवर पिसं फुलवून उभी. खाली, घरट्यापासून जाळीपर्यंत, एक तरुण अजगर पसरलेला. बागेच्या नळीएवढाच जाड, फक्त मधोमध एक फुगवटा. डोकं आणि मान जाळीच्या भोकातून बाहेर, फुगवट्यापासून मागचं सगळं आत. आला तेव्हा सहज आला होता, आता जाता येत नव्हतं. किल्ल्याने निदान एक काम चोख केलं: आत आलेल्या चोराला सुटू दिलं नाही.

बेव्हनने फावडं उचललं. मग त्याची नजर घरट्याकडे गेली. घरटं रिकामं होतं. तो फावडं धरूनच मटकन खाली बसला.

क्लिंट कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. त्याने जाळीकडे बघितलं आणि गेले कित्येक दिवस ज्याची वाट बघत होता ते त्याच्या तोंडून निघालंच.

"कोल्हा बराच लांबडा निघाला."

बेव्हन रिकाम्या घरट्याकडेच बघत राहिला. हे इतकं विपरीत होतं की क्लिंटने कॉफी खाली ठेवली.

"काय झालं? कोंबडी तर वर आहे की."

"अंडं गिळलं त्याने."

"ते चिनी मातीचं? अहो, दुकानात मिळतात तसली. आजच आणू."

"त्याच्यावर तोंड आहे," बेव्हन म्हणाला. "नोलाने काढलेलं."

क्लिंटने साप पकडणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या मार्गोबाई आल्या आल्या आधी बेव्हनकडे वळल्या. "काका, फावडं ठेवा. याला मारणं हा गुन्हा आहे. आणि याची चूक काय? एवढ्या मोठ्या भोकांची जाळी म्हणजे आमंत्रणच की." साप सोडवायला जाळी कापावी लागणार होती. बेव्हनने स्वतःच पक्कड घेतली आणि आपल्या किल्ल्याची भिंत तारेमागून तार कापून काढली. एरवी त्याने मार्गोबाईंना जाळीवर व्याख्यान दिलं असतं.

जंगली प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अजगर चाचपला आणि पोट फाडावं लागेल असं सांगितलं.

"वाचेल ना?" बेव्हनने विचारलं.

"वाचेल की. छोटंसं ऑपरेशन आहे, धडधाकट साप आहे."

"साप नव्हे," बेव्हन म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, सापही."

मग बाकावर बसून वाट बघणं. एका बाजूला टॉवेलात पोसम नावाचं झाडावरचं जनावर गुंडाळून बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला जावई. ज्या जनावराचा सकाळी खून करायला निघाला होता, त्याच्या ऑपरेशनसाठी हा गृहस्थ आता जीव मुठीत धरून बसला होता. क्लिंटला हे दिसत होतं, पण काही टोमणे जावयानेसुद्धा गिळायचे असतात.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. साप ठीक होता. हातातल्या स्टीलच्या वाटीत अंडं होतं, स्वच्छ धुतलेलं, पांढरंशुभ्र. बेव्हनने ते उचललं, इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. ठिपके नव्हते. हसू नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

तो रडला. अंत्यविधीला जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिथे, पोसमवाल्या बाईच्या शेजारी, अंडं मुठीत धरून रडला. क्लिंटने भिंतीवरचं गोचिडांचं माहितीपत्रक आधी वरून खाली वाचलं, मग खालून वर. आवाज थांबला तेव्हा त्याने हात लांब करून सासऱ्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"काढा."

"मला चित्र येत नाही."

"नोलाला तरी कुठे येत होतं?"

बेव्हनने नाक पुसलं. अंडं गुडघ्यावर टेकवलं आणि दोन ठिपके काढले. हसू नोलाच्या हसण्यापेक्षाही वाकडं आलं. मग अंडं कोटाच्या खिशात ठेवून उठला.

गाडी घराच्या वाटेला लागली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाताना दुकानात थांब जरा. करंगळी जाणार नाही असली जाळी घेऊ."

"कशासाठी?" क्लिंटने अगदी साळसूदपणे विचारलं.

"कोल्ह्यासाठी," बेव्हन म्हणाला.