नाकात बसलेली सड

हिवाळ्यातल्या तापात बिल्कीसचं नाक मेलं. कितीतरी आठवडे तिला कशाचाच वास येईना. मग वास परतले, पण नासून. तळलेल्या कांद्याला तुंबलेल्या गटाराची घाण, चहाला जळक्या केसांची. पेस्ट तोंडात घेतली तरी उमळून यायचं. सासूला ती नाटकं वाटायची. बिल्कीस आपली थंड दहीभातावर दिवस काढत होती.

अशात तिचा नवरा अबरार कुवेतहून दीड वर्षाने पनवेलला घरी आला. दार लावून त्याने तिला जवळ घेतलं आणि तिच्या नाकात मेलेल्या उंदराचा भपकारा शिरला. त्याला ढकलून ती मोरीत धावली, आतडी पिळवटेपर्यंत ओकली.

दुपारी बिर्याणीचं झाकण उघडलं आणि ती पुन्हा ताटावरून उठली.

"कधीपासून चाललंय हे?" अबरारने आईला विचारलं.

"महिना झाला. खाणं नाही, नुसत्या उलट्या. आता तूच समज."

बिल्कीसने ते मोरीतून ऐकलं. तोंड पुसत ती बाहेर आली. "अम्मी, मनात आणलंत तसं पोटात काही नाही. मला सगळ्याचीच घाण येते. यांच्या अंगाचीसुद्धा."

अबरारचा चेहरा पडला. तो उठून साबण लावून खसाखसा अंघोळ करून आला. साबणाचा वास तर त्याहून किळसवाणा होता.

दुसऱ्या दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तापात वास ओळखणाऱ्या पेशी मेल्या. नव्या येतायत, पण त्यांच्या तारा मेंदूत भलत्याच जागी जोडल्या जातायत. कांद्याची खबर जाते, मेंदू तिला सड समजतो."

"म्हणजे माझ्या अंगाला घाण येत नाही?" अबरारने विचारलं.

"तुमच्या अंगाला माणसाचाच वास येतो. सुधारेल हे, पण महिने लागतील. रोज ओळखीचे वास थोडे थोडे हुंगवा."

शेजारी बसलेल्या सासूनेही ते ऐकलं. संध्याकाळी तिने कांदा-लसूण न घालता डाळ केली आणि सुनेपुढे ठेवली. बिल्कीसने खाल्ली, पण सासूकडे पाहिलं नाही.

अबरार रोज लवंग, लिंबू, मग स्वतःचं मनगट तिच्या नाकाशी धरायचा. ती रोज तोंडावर पदर दाबून पळायची. रजा संपत आली तेव्हा एका सकाळी ती पळाली नाही.

"आज कसला?" त्याने विचारलं.

"नासलेल्या दुधाचा."

तो खूश झाला. तोंडाने श्वास घेत तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.