व्हर्लिन टेशचा बेत

"आरपार जागा आहे का तेवढं विचार," व्हर्लिन म्हणाला. "पुढून शिरायचं आणि पुढूनच निघायचं. मागे घ्यावी लागेल अशी जागा नको."

आर्डिसने फोनवर हात ठेवला. पलीकडे आयोवातल्या कॅम्पग्राउंडची बाई खोळंबली होती. "आरपार जागा सगळ्या हमरस्त्याला लागून आहेत म्हणते. नदीकाठची एक रिकामी आहे. तुला नदीकाठ लागतो ना दर वेळी?"

"नदी बघितलेली आहे मी."

तिने हमरस्त्यालगतची जागा ठरवली आणि फोन ठेवला. टेबलावर नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडं होतं, शेजारी बेताची वही होती, आणि व्हर्लिन सांगेल ते आर्डिस वहीत उतरवून घेत होती. हेही यंदाचंच नवं. एरवी ती वही म्हणजे व्हर्लिनची खासगी जहागीर. पेट्रोल कुठे भरायचं, टाकीतलं सांडपाणी कुठे सोडायचं, कुठल्या पुलाखालून गाडी जाते आणि कुठल्या नाही, हे सगळं तो स्वतः लिहायचा आणि कुणी वहीला हात लावला तर त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. यंदा म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याला तिचं अक्षर पहिल्यांदाच चांगलं वाटलं होतं.

व्हर्लिन टेश त्र्याहत्तर वर्षांचा होता. नेब्रास्कातल्या बर्चर काउंटीत त्याने चौतीस हिवाळे रस्त्यावरचं बर्फ लोटणारा ट्रक चालवला. त्याच्या हातून याहून मोठं काही घडलं नाही, पण तेवढ्यावर सगळा मुलूख त्याला मान द्यायचा. कुणाचं बाळंतपण असो की कुणाची शेवटची घरघर, आधी व्हर्लिनचा ट्रक पोचायचा आणि मग त्याच्या मागोमाग डॉक्टर. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिची चिली, म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, आणि सोबतचे दालचिनीचे रोल खाऊन गावाच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. दोघं निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली आणि दर उन्हाळ्यात महिनाभर त्या चाकांवरच्या घरात ती राहू लागली.

यंदाची सफर मात्र खास होती. शिकागोच्या पश्चिमेला हॅझलव्ह्यू नावाचं उपनगर आहे, तिथे त्यांची मुलगी जोलीन राहते. तिची लेक ब्रिन जूनमध्ये शाळा संपवणार होती. गराज झाडून पुसून, हॅमची सँडविचं आणि केक मांडून सगळ्या गल्लीला बोलवायचं, हा समारंभ तर होताच. पण ब्रिन सहा वर्षांची असताना व्हर्लिनने तिला शब्द दिला होता की तू शाळा संपवलीस की तुला आणि तुझ्या मैत्रिणींना आपल्या मोटरहोममधून मिसिसिपी नदीच्या कड्यांवर नेईन, तीन दिवस. पोरगी ते विसरली नव्हती. तीन मैत्रिणी ठरल्या होत्या, आणि चालकाच्या डोक्यावरच्या बिछान्यावर कोण झोपणार यावरून त्यांची भांडणंही होऊन गेली होती.

बेत तयार होत होता तसतशी आर्डिसच्या मनात पाल चुकचुकू लागली होती. दोन दिवसांची वाट व्हर्लिनने चार दिवसांची केली. मोठा रस्ता टाळून मक्याच्या शेतांमधले जुने, ओसाड रस्ते घेतले. रोज दुपारी दोनला थांबायचं. डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जाणारं वळण शक्यतो नाहीच. हॅझलव्ह्यूत रस्त्यावरून दिसेल अशी मोटरहोम दारात एक दिवसाच्या वर ठेवता येत नाही, म्हणून जोलीनने तिथल्या कचेरीत खेटे घालून पाच दिवसांचा परवाना काढला होता. तरी हा म्हणाला, दारात नको, जत्रेच्या मैदानावर लावू, नऊ मैल तर आहे. जोलीन फोनवर रडकुंडीला आली. व्हर्लिनने ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं.

आर्डिसने मनाची समजूत घातली होती की वय झालं, सावध झाला. तिला खरं दुःख वेगळंच होतं. गेल्या शरदात ती एकदा बोलून गेली होती की आता ही गाडी विकून टाकू. तेव्हापासून व्हर्लिन तिच्याकडे बघेनासा झाला होता. बोलायचा, हसायचा, पण नजर तिच्या कानाजवळून मागच्या भिंतीवर. अख्खा हिवाळा एकाच घरात, एकाच टेबलावर, आणि नवरा तोंडाकडे बघत नाही. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

शनिवारी सकाळी ती दोघं चर्चच्या मागच्या आवारात गेली. दर वसंतात पहिल्या सफरीआधी तिथे गाडी मागे घेण्याचा सराव करायचा, हा त्यांचा शिरस्ता. व्हर्लिन स्टिअरिंगवर आणि आर्डिस मागे, डाव्या आरशात दिसेल अशी उभी. हातांच्या खुणा ठरलेल्या: पंजा हलवला की ये, बोट वळवलं की वळ, दोन्ही मुठी वर केल्या की थांब. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कॅम्पग्राउंडवर नवराबायको एकमेकांवर खेकसत गाडी लावतात, त्यांना व्हर्लिन नावं ठेवायचा. ज्यांचा एकमेकांवर भरवसा नाही ते ओरडतात, असं त्याचं म्हणणं.

गाडी मागे येऊ लागली. आर्डिस कचऱ्याच्या पेट्यांभोवतीच्या विटांच्या भिंतीपुढे उभी होती. तिने पंजा हलवला, बोट उजवीकडे वळवलं, पण गाडी सरळच येत राहिली. अंतर दहा पावलांवर आल्यावर तिने दोन्ही मुठी वर केल्या.

गाडी थांबली नाही.

तिला वाटलं, थांबेल. मुठी आणखी उंच केल्या. आरशात त्याचं तोंड तिला स्वच्छ दिसत होतं, तो तिच्याकडेच बघत होता, आणि गाडी येतच होती. बाजूला व्हायला हवं होतं, पण ती नुसती मागे सरकत राहिली. आपल्याला बघूनही हा माणूस गाडी आणतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पाठ विटांना टेकली तेव्हा ती जिवाच्या आकांताने ओरडली, "व्हर्लिन!"

ब्रेक लागला. मागची शिडी तिच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली.

ती कडेने बाहेर आली, चालत पुढे गेली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले.

"तू हात वर केलेच नाहीस," व्हर्लिन म्हणाला.

"केले होते."

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"किती दिसतं तुला?"

त्याने इंजिन बंद केलं. "कडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं गेलं. जिथे बघावं तिथे करडा ठिपका. आधी नाण्याएवढा होता, आता बशीएवढा झालाय. दुखत नाही काही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. टायर बघायला म्हणून गेलो होतो ना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. कडेचं राहील म्हणाला. मधलं परत यायचं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तूच गाडी विका म्हणत होतीस."

आर्डिसला त्याचा संताप आला. मग हिवाळाभराची एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. आरपार जागा. उजवीकडची वळणं. मागचं ऊन आरशात यायच्या आत थांबणं. मक्यातले रिकामे रस्ते. दोन आठवडे ज्या बेताचं ती कौतुकाने चांगलं अक्षर काढत होती, तो डोळे गेलेल्या माणसाने डोळे गेलेल्या माणसासाठी आखलेला बेत होता.

"माझ्याकडे बघत का नव्हतास?" तिने विचारलं.

"बघतच होतो की. सरळ बघितलं की तुझं तोंड जातं. कानाजवळ बघितलं की थोडं दिसतं. तुला काय वाटलं?"

तिला काय वाटलं होतं ते तिने सांगितलं नाही. ती रडली, आणि त्याने ते चटकन ओळखलं, कारण ऐकायला तर येत होतं.

मग तो अजिजीने बोलू लागला. एवढी एकच सफर. तू शेजारी बस, मी सांगेन तेव्हा बघ आणि मला सांग. बर्फाच्या वादळात समोरच्या काचेपलीकडे काही दिसायचं नाही तेव्हा चौतीस वर्षं चालवलाच ना ट्रक? पोरीला शब्द दिलाय. जोलीनला कळवू नकोस.

आणि खरं सांगायचं तर आर्डिस क्षणभर डगमगली. तिलाही जायचं होतं. तिला त्या मुलींचा मागचा गोंगाट ऐकायचा होता, सकाळी त्यांना छोट्या चुलीवर पॅनकेक करून घालायचे होते. बेत तर चोख होता. तिने डोळ्यांत तेल घालून रस्ता बघितला असता तर कदाचित निभावलंही असतं. त्या कदाचितपाशी ती अडली. छातीपासून हातभर अंतरावरची शिडी अजून तिच्या डोळ्यांपुढे होती.

"लायसन्स कसं मिळालं तुला नोव्हेंबरात?" तिने विचारलं.

ते कसं मिळालं हे खरं तर तिला ठाऊक असायला हवं होतं, कारण ते साऱ्या काउंटीला ठाऊक होतं. दर गुरुवारी परीक्षक ट्वायला कोर्टाच्या इमारतीत येऊन बसते. यंत्राला कपाळ टेकवायचं आणि पाचवी ओळ वाचायची. ती ओळ नऊ वर्षांत बदललेली नाही. झेड, के, ओ, आर, एन, एच. म्हाताऱ्यांना ती जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकी पाठ आहे, न्हाव्याच्या दुकानात तिच्यावरून विनोद होतात, आणि यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. वीस मैलांवर दुकान आणि चाळीस मैलांवर डॉक्टर असलेल्या मुलखात गाडी गेली म्हणजे माणूस गेला. म्हणून सगळेच डोळेझाक करतात.

"गुरुवारी ट्वायला येईल," आर्डिस म्हणाली. "तू जा. नाही गेलास तर मी जाईन."

"तू माझी चहाडी करणार?"

"करेन."

पाच दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तो जेवायचा आणि उठायचा. बेताची वही टेबलावर तशीच पडून होती. बुधवारी संध्याकाळी जोलीनचा फोन आला, तो आर्डिसने घेतला, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. व्हर्लिन दारात उभा राहून ऐकत होता. ती सांगते की नाही याकडे त्याचे कान लागले होते. तिने सांगितलं नाही, पण आपण सांगणार आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि नवऱ्याची भीती वाटावी तशी तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसला होता. ब्रिन शाळेला निघण्याआधी त्याने तिला गाठलं. डोळ्यांचं सरळ सांगून टाकलं, शब्द मोडतोय म्हणाला, आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानेच सांगितलं.

"म्हणाली, आजोबा, तू येणार ना पण?"

आर्डिसने स्वतः चालवत घरच्या छोट्या गाडीतून त्याला कोर्टात नेलं. ट्वायला टेबलावरूनच हसली. तिच्या वडिलांना झटका आला त्या रात्री अकरा मैल बर्फ व्हर्लिननेच लोटला होता, आणि म्हातारा त्यानंतर सहा वर्षं जगला. तुझं लायसन्स अजून चार वर्षं चालेल, आज इकडे कशाला, असं तिने विचारलं. व्हर्लिनने खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं.

"पुन्हा घे परीक्षा. ओळ बदल."

"अरे, गरज नाही त्याची."

"बदल ओळ, ट्वायला."

तिने आर्डिसकडे बघितलं. आर्डिसने मान हलवली. ट्वायलाने यंत्राची कळ फिरवली आणि व्हर्लिनने कपाळ टेकवलं. त्याने डोकं इकडे वळवून बघितलं, तिकडे वळवून बघितलं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. मागे दोन माणसं येऊन उभी राहिली, दोघंही ओळखीची.

"पहिलं गोल आहे," ट्वायला हळूच म्हणाली. "सावकाश बघ. गोल आहे की नाही?"

मागचा एकजण खाकरला आणि म्हणाला, ओ असेल. सगळं गाव मदतीला धावलं होतं. आर्डिसला त्या माणसाचे आभार मानावेत की त्याच्या थोबाडीत द्यावी, हे कळेना.

व्हर्लिनने कपाळ उचललं. "मागे चार मुली बसणार होत्या, ट्वायला," तो म्हणाला.

ट्वायलाने लायसन्स उचललं, कोपऱ्यात भोक पाडून ते रद्द केलं आणि कागद भरायला घेतला. सही कुठे करायची तिथे तिने त्याचं बोट धरून टेकवलं. सही मात्र त्याने झोकात केली.

परत येताना तो शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. मग तो बोलू लागला. पुढे नाला आहे, तिथे रस्ता खचलाय. आता चढ, मग डावीकडे होल्टांची विहीर. इथे वाऱ्याने बर्फ साचतं, पाचपाच फूट. आर्डिसला हा रस्ता झोपेतही आला असता, पण तो हळू म्हणाला तिथे ती हळू झाली, आणि वळण म्हणाला तिथे तिने दोन्ही हातांनी वळण घेतलं.

"शिकागोला ही छोटी गाडी नेऊ," थोड्या वेळाने ती म्हणाली. काउंटीबाहेर तिने आजवर कधी गाडी काढली नव्हती. "मी चालवते. तू सांगत राहशील?"

व्हर्लिनने खिडकीकडे तोंड वळवून विचार केला.

"आयोवापर्यंत पाठ आहे," तो म्हणाला. "पुढचं तुला वाचावं लागेल."